बेबी ऑफ सुगंधा

“माझी दोन हायत! दोन!”

बाई माझ्या तोंडासमोर दोन बोटं नाचवत होती. अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, कानात कापसाचे बोळे, आणि ओल्या बाळंतिणीच्या अंगात असेल असं वाटू नये एवढा चढा आवाज. वॉर्डातल्या बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या.

“आणि तुमच्या ह्या टीव्हीत एकच कसं दिसतंय? दुसरं कुटं गेलं?”

टीव्ही म्हणजे बाळांना ठेवायच्या काचेच्या खोलीच्या दाराशी टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर. तो माझा होता. म्हणजे माझ्या कंपनीचा. तालुक्याच्या गावातलं ते बाळंतिणींचं आणि लहान मुलांचं इस्पितळ, बरंच जुनं, एका ट्रस्टचं. आमच्या पुण्यातल्या कंपनीनं त्यांना नवा प्रोग्राम लिहून दिला होता. वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये बाळाचं रक्त तपासलं की रिपोर्ट कागदाशिवाय थेट खाली वॉर्डात दिसायचा. ठीक असेल तर हिरवा, नसेल तर लाल. तो चालू झाला की तिथल्या लोकांना शिकवायचं म्हणून मला तिकडे पाठवलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि त्या हिरव्या-लाल रंगांचं मलाही कौतुक होतं.

“ताई, तुम्ही आधी बसा,” मी म्हणाले. “नाव काय तुमचं?”

“सुगंधा. आणि बसत न्हाई मी. माझी पोरगी पिवळी पडलीया आणि ह्या सिस्टरनं तिला लायटीखालनं काढलीया. का, तर म्हनं टीव्हीत हिरवं आलंय.”

वाघमारे सिस्टर मागून आल्या. चांगली बाई होती. कामाला वाघ, पण कॉम्प्युटरपुढं सासुरवाशिणीसारखी बसायची. “मॅडम, रिपोर्ट चांगलाच आहे,” त्या म्हणाल्या. “हे बघा ना. बेबी ऑफ सुगंधा. कावीळ आठ. हिरवं. काल संध्याकाळीच आलाय. म्हणून दोघांचाही काविळीचा दिवा बंद केला. डॉक्टरांनीसुद्धा पडदा बघूनच हो म्हटलंय.”

“दोघांचा रिपोर्ट एकाच ओळीत?” मी विचारलं.

“मला वाटलं जुळ्यांचा एकत्रच येतो.”

मी पडद्यावर दुसरी ओळ शोधली, नव्हती.

इथं एक सांगायला हवं. बाळ जन्मलं की त्याला नाव नसतं. नाव बारशाला मिळणार, बाराव्या दिवशी, पाळण्यात घालून. पण सुई टोचायची, रक्त घ्यायचं, दिव्याखाली ठेवायचं, ते बारशापर्यंत थांबत नाही. म्हणून सगळी इस्पितळं बाळाला आईचं नाव देतात. बेबी ऑफ अमकी, बेबी ऑफ तमकी. आणि जुळं असलं की मागं शेपूट लावतात. सुगंधा-१, सुगंधा-२. सुगंधाचा पहिला मुलगा होता, दणकट. दुसरी मुलगी, तळहातावर मावेल एवढी. त्या बाळाची ह्या जगातली ओळख म्हणजे तेवढा एक आडवी रेघ मारून लिहिलेला दोनचा आकडा.

आणि आमच्या प्रोग्राममध्ये शेपटं कापणारी एक ओळ होती.

तिचं कारण साधं होतं. लॅबमधलं यंत्र प्रत्येक नावापुढं स्वतःचं एक शेपूट जोडायचं. पहिली तपासणी असेल तर ‘-आर१’, पुन्हा केली तर ‘-आर२’. वॉर्डात ते दिसलं की सिस्टर गोंधळायच्या, म्हणून ते काढून टाकायचं होतं. ते काम हर्षद सरांनी स्वतः केलं होतं. हर्षद सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, वय पस्तीस, बोलण्यात साखर, आणि उतावळेपणा पाचवीलाच पुजलेला. त्यांनी एक तयार सूचना उचलली आणि तिला सांगितलं, शेवटून आडवी रेघ, आर, एक, दोन हे काढ.

ती सूचना तशी चालत नाही. तिला शेपूट दिलं तर ती ते शेपूट म्हणून धरत नाही. सुटी अक्षरं म्हणून धरते. मग नावाच्या मागच्या टोकापासून सुरुवात करते आणि त्यांतलं जे अक्षर भेटेल ते खात खात पुढं सरकते, ओळखीचं नसलेलं अक्षर लागेपर्यंत. शेळीला कुंपणावरचा पाला खायला सोडावं आणि तिनं कुंपण संपवून शेजारच्या मेथीच्या वाफ्यात तोंड घालावं, तसं. एकुलत्या बाळाच्या नावात काही बिघडत नाही. यंत्राचं शेपूट खाल्लं की ‘सुगंधा’ उरतं आणि सगळे खूश. पण ‘सुगंधा-२-आर१’ असेल तर ती आधी यंत्राचं शेपूट खाते, मग त्याच तोंडानं पोरीचं दोन खाते, रेघही खाते, आणि उरते नुसती सुगंधा. पहिल्याचंही तेच. दोन बाळांचं एक बाळ होतं. ज्याचा रिपोर्ट नंतर आला, तो दोघांचा.

हे मला पुण्यातच कळलं होतं. मी सरांच्या टेबलाशी जाऊन दाखवलंही होतं.

“सर, जुळ्यांची नावं खाल्ली जातायत.”

“पल्लवी, जुळी काय रोज होतात का?”

“रोज नाही होत, पण होतात ना.”

“तू फार बारीक बघतेस. बरं. करतो मी ते.”

निघायच्या दिवशी मी पुन्हा विचारलं होतं. सर फोनवर होते. हातानंच मला थांबवलं आणि म्हणाले, “झालं ते. झालं. जा तू निर्धास्त.”

मी निर्धास्त गेले होते.

आता सुगंधाच्या पुढ्यात मी खुर्ची ओढून बसले आणि प्रोग्राम उघडला. सुगंधा माझ्या डोक्यावर उभी. तिच्या मागं तिची सासू, नऊवारीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तोंडानं काही तरी पुटपुटत होती. मी ती ओळ शोधली. ती तशीच होती. एक टिंब इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

मला आजही सांगता येत नाही की तेव्हा आधी काय आलं, भीती की संताप. मला वाटतं संतापच. मी तिथूनच फोन लावला.

“सर, ती ओळ तशीच आहे.”

“कुठली ओळ?”

“शेपूट कापणारी. तुम्ही झालं म्हणाला होतात.”

सर गाडीत होते, हॉर्न ऐकू येत होते. “हो, म्हणजे, पुढच्या आवृत्तीच्या यादीत टाकून झालं. असं म्हणालो होतो मी.”

“इथं जुळं आहे सर. दोघांचं एक झालंय. धाकटीचा दिवा बंद केलाय.”

“हे बघ, घाबरू नको. आधी एक कर, कुणाला काही बोलू नकोस. नेटवर्क गेलंय म्हण आणि स्क्रीन बंद ठेव. मी ट्रस्टींना घेऊन तिकडेच निघालोय. आज उद्घाटन आहे, माहितीये ना? आल्यावर दोन मिनिटांत बदलतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“आणि बाळ?”

“अगं, बाळ बघायला डॉक्टर आहेत ना तिथं. आपण सॉफ्टवेअरवाले.”

मी फोन ठेवला नाही, आपटला. तेव्हाचे फोन मजबूत होते.

“सिस्टर,” मी म्हणाले, “हा रिपोर्ट कुठल्या बाळाचा ते ह्या पडद्यावरून कळत नाही. ह्याच्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना बोलवा.”

वाघमारे सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे काल जो आला तो...”

“मोठ्याचा असेल. धाकटीचा आधी येऊन त्याच्याखाली गेला असेल.”

सिस्टर पळाल्या. सुगंधाला बोलण्यातलं किती कळलं माहीत नाही, पण महत्त्वाचं तेवढं कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

“म्हंजी रातभर माझी लेक अंधारात ठिवली तुमी,” ती म्हणाली.

डॉक्टर इनामदार आले. त्यांनी काचेच्या पेटीत हात घालून बाळ उचललं, उजेडात नेलं, कपाळावर बोट दाबून सोडलं. दाबलेल्या जागी हळदीचं बोट लावल्यासारखं पिवळं उमटलं. पोरगी रडतही नव्हती. मान टाकून पडली होती.

“दिव्याखालच्या बाळाच्या कातडीवर भरवसा ठेवायचा नसतो, रक्त बघायचं असतं,” डॉक्टर म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. बहुतेक स्वतःलाच. “म्हणून मी रक्त बघितलं. पडद्यावर बघितलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “काय विकलंत हो तुम्ही आम्हाला?”

मी काही विकलं नव्हतं. पण त्या खोलीत कंपनी म्हणून मीच उभी होते, आणि तो प्रश्न मीच झेलला.

सिस्टरांनी दिवा पुन्हा लावला. डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेतलं, आणि त्या नळीवर चिठ्ठी लावायला गेले तर हात थांबला. “काय लिहू? सुगंधा-२ लिहिलं की तुमचा प्रोग्राम पुन्हा खाणार.”

“काही लिहू नका,” मी म्हणाले. “माझ्याकडं द्या.”

ती नळी मुठीत धरून मी जिने चढले. लॅबमधल्या माणसाला म्हटलं, यंत्र काय सांगतं ते मला तोंडानं सांगा, कुठं टाइप करू नका. तो नियम सांगायला लागला. मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या खोलीतून लोक आले. मग त्यानं निमूट नळी यंत्रात ठेवली. आकडा आला तेवीस. मी तो आकडा जपत खाली आले.

“रक्त बदलावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “ते इथं होत नाही. जिल्ह्याला न्यावं लागेल. ॲम्ब्युलन्स बोलवा.”

सुगंधाच्या सासूनं कपाळावर हात मारला. “तरी मी म्हनत व्हते, जुळं नगं. धाकटं टिकत न्हाई.”

“मामी, तुमी गप बसा,” सुगंधा म्हणाली. सासूला सुनेनं असं बोलायचं ते गाव नव्हतं. पण म्हातारी गप्प बसली.

आणि नेमके तेव्हा हर्षद सर आले. निळा कोट, हातात पेढ्यांचा पुडा, मागं ट्रस्टचे दोन म्हातारे विश्वस्त. एकानं बाहेरच चपला काढल्या होत्या, देवळात आल्यासारख्या. सरांनी मला बघितलं, चालू असलेला पडदा बघितला, डॉक्टरांचा चेहरा बघितला, आणि एका क्षणात त्यांना कळलं की नेटवर्क गेलंय असं मी काही म्हटलेलं नाही. पण माणूस पट्टीचा. चेहऱ्यावरची साखर जराही विरघळली नाही.

“काही अडचण दिसतेय,” ते विश्वस्तांना म्हणाले. “नवी यंत्रणा म्हटली की स्टाफला सवय व्हायला वेळ लागतो. नाव भरताना गल्लत होते. सिस्टर, तुम्ही नाव नीट भरलं होतं ना?”

वाघमारे सिस्टर ओठ हलवत होत्या, आवाज फुटत नव्हता. वीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि ती खरंच आठवायला लागली की आपण नाव नीट भरलं होतं का. ते बघून मी भडकले. सुगंधासमोर मला लाज वाटत होती, डॉक्टरांसमोर अपमान वाटत होता, पण सिस्टरांचे ते हलणारे ओठ बघितले आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, इकडं या,” मी म्हणाले.

“पल्लवी, आपण नंतर बोलू.”

“आत्ताच बोलू. काका, तुम्ही पण या. उद्घाटन करू.”

विश्वस्त पुढं आले. ज्यांनी चपला काढल्या होत्या त्यांनी चष्मा लावला. मी नाव भरलं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. बेबी ऑफ सुगंधा. आडवी रेघ. दोन. मग यंत्राचं शेपूट. आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, बेबी ऑफ सुगंधा.

“दोन कुठं गेलं?” विश्वस्तांनी विचारलं.

“खाल्लं,” मी म्हणाले. “आता पहिल्याचं बघा.” पुन्हा भरलं. पुन्हा तेच आलं. “सिस्टरांनी नाव बरोबर भरलं होतं. हे सरांना दोन महिन्यांपूर्वी माहीत होतं. मी सांगितलं होतं. मला म्हणाले झालं, दुरुस्त केलं. केलेलं नाही.”

“म्हणजे जुळं आलं की एक गायब?”

“काका, ही अगदी क्वचित घडणारी गोष्ट आहे,” सर म्हणाले. “प्रत्येक प्रोग्राममध्ये अशा एखाद्या...”

“क्वचित म्हंजी काय?” सुगंधा पुढं आली. तोवर सरांना ती दिसलीच नव्हती. हिरव्या झग्यातली एक बाई, एवढंच. “माझ्या पोटात घडलीया ती. तुमाला येवडीशी वाटती व्हय? या की, बगा.” तिनं त्यांची बाही धरली. निळा कोट धरून ती त्यांना काचेपर्यंत ओढत घेऊन गेली. टाके घातलेली बाई, पण सरांना सोडवून घेता येईना, का त्यांना लोकांपुढं सोडवून घ्यायची लाज वाटली, कोण जाणे. पेढ्यांचा पुडा खाली पडला. “बगा. ह्यो येक. आनि ही दोन. मोजता येत्यात का तुमाला?”

सरांनी बघितलं. बघून काय म्हणावं त्या माणसानं?

“ताई, आम्ही संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देऊ.”

डॉक्टर इनामदारांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, “चालते व्हा.”

सर चालते झाले. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, “तुझं तू बघ आता.” मी म्हणाले, “बघते.” दुसरं काही मला सुचलं नाही. आज सुचतं, पण आता उपयोग काय?

ॲम्ब्युलन्स खाली येऊन थांबली. वाघमारे सिस्टरांनी पोरीला कापसात गुंडाळून लहान पेटीत ठेवलं. त्या बरोबर जाणार होत्या. त्यांनी पोरीच्या पायाला चिकटपट्टी लावली, पेन काढलं, आणि माझ्याकडं बघितलं.

“लिवू नका,” सुगंधा म्हणाली. “माझं नाव लिवू नका तिच्या पायावर. तितंबी ह्येंचाच टीव्ही असंल तर? तिचं नाव लिवा.”

“तिला नाव कुठाय गं?” सिस्टर म्हणाल्या.

“ठिवायचं. आत्ता.”

सासू पुढं झाली. “न्हाई. बारशाआदी नाव न्हाई घ्यायचं. मोठ्या सुनंच्या पोराचं मी तिसऱ्या दिशी नाव घेतलं हुतं, आठवतंय न्हवं? राह्यला का त्यो? सुगंधा, तुज्या पाया पडते. सटवाई अजून आली न्हाई. तिनं कपाळावर लिवल्याबिगर...”

म्हातारी खरंच वाकली होती. तिला नात नको होती असं मला मघाशी वाटलं होतं. तसं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि तिच्या भीतीला एक मेलेलं पोर होतं. पण सुगंधा कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

“सटवाई तरी दोगांच्या कपाळावर येगळं येगळं लिवती, मामी. ह्यांनी दोगांचं येकच लिवलं. मी तिला बिननावाची जाऊ देणार न्हाई. ती जर गेली, तर नाव घिऊन जाईल. केतकी. लिवा सिस्टर. केतकी.”

सिस्टरांनी लिहिलं. म्हातारी सरळ झाली, डोळे पुसले, आणि काय झालं कुणास ठाऊक, एकदम व्यवहाराला लागली. “मग रीतीनं ठेव. कानात सांगाया आत्या पायजे. आमच्या पोराला भैन न्हाई.”

सुगंधानं माझ्याकडं बोट केलं. “हिला सांगू द्या. हिच्याच टीव्हीनं खाल्लंय नाव. हिनंच द्यावं.”

मी आयुष्यात कुणाची आत्या झाले नव्हते. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर गुडघा टेकून मी आत वाकले. पोरीचा कान बटणाएवढा होता. मी दोन्ही हातांचा आडोसा केला, आमच्याकडं करतात तसं “कुर्र्र्” केलं आणि म्हणाले, “केतकी.” परत म्हणाले. पोरगी हलली नाही.

बारशाला आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. गंमत असते ती, हसत हसत घालतात. माझ्या पाठीत एकच धपाटा बसला. मी वळून बघितलं तर सुगंधा होती. हात अजून वर होता. ती गंमत नव्हती. महिनाभर माझी पाठ दुखतेय असं वाटायचं, आणि मला ते रास्तच वाटायचं. जो धपाटा त्या निळ्या कोटात बसायला हवा होता, तो मी आत्या म्हणून खाल्ला.

त्या दिवशी मी नोकरी सोडली. पोरीचं रक्त बदललं, ती वाचली, हे मला सिस्टरांनी फोन करून कळवलं. हर्षद सरांनी ती ओळ दुरुस्त केली. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. त्यांची कंपनी पुढं मोठी झाली. आता ते तरुणांना भाषणं देतात, आणि चुकांतून शिकलं पाहिजे असं त्यात सांगतात म्हणे. कुणाच्या चुका आणि शिकायची किंमत कुणी मोजायची, ते सांगत नसावेत. पंधरा वर्षं झाली. राग निवतो असं लोक म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि निववायची माझी इच्छाही नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा विचारत विचारत सुगंधाचं घर काढलं. तिनं मला ओळखलं. अंगणात बसवलं, चहा ठेवायला सांगितला. सासू गेली होती. मुलगा व्यायामशाळेतून येऊन दारात सायकल लावत होता, मिसरूड फुटलेला. परसात एक मुलगी पाठमोरी उभी राहून दोरीवरचे कपडे काढत होती. लांब वेणी.

“केतकी?” मी विचारलं.

“व्हय.”

मी हौसेनं हाक मारली. “केतकी!” तिनं वळून बघितलं नाही. मी आणखी मोठ्यानं हाक मारली. सायकलवाला भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

“नगा वरडू ताई,” सुगंधा म्हणाली. तिचा आवाज आता बसका झाला होता. “न्हाई ऐकू येत तिला. ती कावीळ कानात उतरली हुती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तवाच गेलं म्हनं कान, त्याच रातीला.”

चहा आला. मी कप हातात धरून बसले.

“म्हणजे मी नाव सांगितलं तेव्हा...”

“तवा न्हाईच आलं तिला ऐकू,” सुगंधा म्हणाली.

पोरीनं कपड्यांचा भारा खाटेवर टाकला आणि कोण पाहुणी आलीय म्हणून समोर येऊन उभी राहिली. आईचेच डोळे. सुगंधानं माझ्याकडं हात करून तिला काही तरी खुणांनी सांगितलं, बरंच काही. पोरीनं माझ्याकडं नीट बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मला तिचं नाव सांगितलं. घरात, शाळेत, गावात सगळे तिला ज्या नावानं हाक मारतात ते नाव.

तिनं माझ्या तोंडासमोर दोन बोटं धरली.